वर नको, बुडाशी पाहा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक २ आणि ३.

आज थेट अंगणातून सुरुवात करते. दिवाळीनंतर नर्सरीतून एक गुलाबाचं कलम आणलं होतं. अमरावतीचा उन्हाळा त्यानं कसाबसा काढला आणि पहिल्या पावसानंतर त्याला दोन नव्या फुटी आल्या. दोन्ही जुन्या झाडापेक्षा वेगळ्या.

एक बोटाएवढी जाड, काळपट लाल, काट्यांनी भरलेली. मला वाटलं, रोगच पडला. दुसरी फिकट हिरवी, सडसडीत, सरळ. बघता बघता कमरेला लागली. तिचा मी फोटो काढून स्टेटसलाही ठेवला. आणि लाल फूट कापायला कात्री घेतली.

नशीब, आधी काकांना व्हिडिओ कॉल केला. काकांची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. ते ओरडलेच, "थांब ना माय! वरतं काय पाहून राह्यली? बुडाशी पाय."

बुडाशी माती होती, काहीच दिसेना. मग बोटांनी माती सारत गेले. कलमाचा डोळा जिथे भरतात, तिथे एक गाठ असते. गाठीच्या वर आपला गुलाब, खाली खुंट, म्हणजे काटक रानगुलाब. लाल फूट गाठीच्या वरून निघाली होती, हिरवी गाठीच्या खालून.

म्हणजे माझे दोन्ही निकाल चुकले होते. गुलाबाची कोवळी पालवी पुष्कळदा लालच असते, जून झाली की हिरवी होते. ती जाड फूट उद्याची मुख्य फांदी होणार होती. आणि जिचं मला कौतुक होतं, ती खुंटाची फूट होती. ती तशीच वाढू दिली असती तर सगळा जोर तिनं ओढला असता आणि वरचा गुलाब हळूहळू वाळला असता. "सात पानांची ती रानटी, पाच पानांची ती आपली" असंही लोक सांगतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. चांगल्या गुलाबालाही सात पानं येतात. फूट निघाली कुठून, तेच पाहावं लागतं.

काका म्हणाले, संत्र्यातही हेच. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. खुंटाची फूट वेळेवर काढली नाही तर झाड हिरवंगार दिसतं, पण संत्रा मरतो आणि उरते आंबट जंबेरी.

आता आजचे श्लोक. भगवंत संसाराला उलट्या अश्वत्थाची उपमा देतात. त्या झाडाला तीन गुणांचं खतपाणी मिळतं आणि विषय ही त्याची कोवळी पालवी. मोह पडतो तो पालवीचाच, वाळक्या फांदीचा कुणाला पडतो? पुढच्या श्लोकात सांगतात की या झाडाचं खरं रूप इथे तसं दिसतच नाही, आणि ते तोडायचं ते अनासक्तीच्या शस्त्रानं. आजवर मी "तोडा" एवढंच वाचत होते. "दिसत नाही" हे शब्द आज वाचले.

आता खरी गोष्ट सांगते. सलग शंभराच्या वर दिवस मी हे चिंतन लिहितेय. वाचणारे वाढले, मेसेज येतात, छान वाटतं. मागच्या आठवड्यात लिहीत असताना अकोल्याहून आईचा फोन आला. मी म्हटलं, "आई, लिहितेय ना! नंतर कर." तिला डोळ्यांच्या तपासणीला जायचं होतं आणि मी सोबत येते का, एवढंच विचारायचं होतं. तिनं परत फोन केला नाही, एकटीच जाऊन आली. त्या दिवशीचं माझं चिंतन सेवेवर होतं. खूप जणांना आवडलं.

ती हिरवी फूट होती. सरळ, ताजी, सगळ्यांना दिसणारी, आणि गाठीच्या खालून आलेली.

आणि लाल फूट? अलीकडे ऑफिसात कुणाची टर उडवायला लागले की मला तिथे बसवत नाही. मैत्रिणी म्हणतात, "तू बदललीस, फार टोचतेस." मलाही तो माझा दोषच वाटत होता. आता वाटतं, तो कापायची घाई नको. कदाचित ती वाचनातूनच आलेली फूट असेल. काटे आहेत खरे, पण फांदी जून होऊ दे.

आपल्याच जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांची आठवण झाली. जन्म १८८१चा, आणि तान्हेपणीच दृष्टी गेली. तरी ग्रंथांचा केवढा डोंगर मागे ठेवून गेले! लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. माझे दोन्ही डोळे शाबूत असून मी पानांच्या रंगावर निकाल देत होते. खरं काय ते मातीत घातलेल्या बोटांना कळलं.

एक सांगायचं राहिलं. खुंट शत्रू नाही. आमच्या काळ्या जमिनीत मुळं धरून वरच्या गुलाबाला तोच पोसतो. चारचौघांनी चांगलं म्हणावं ही माझी इच्छा तशीच आहे, कित्येकदा पहाटे पाचला मला तिनंच उठवलंय. तिनं खाली राहून पोसावं, एवढंच. डोकं वर काढलं की फूट काढायची, आणि तीही जमिनीलगत छाटून नाही. छाटली तर बुडातले डोळे राहतात आणि एकाच्या चार होतात. माती सारून, जिथून निघाली तिथूनच ओढून काढायची. "आता गर्व करणार नाही" असं स्टेटस ठेवणं म्हणजे वरवरची छाटणीच झाली.

म्हणून उद्या चिंतन नाही. शंभरावरची ती साखळी तुटेल, तुटू दे. सकाळच्या गाडीनं अकोल्याला जातेय. आईला चष्मा घ्यायचाय.

तुम्हीही आज आपली एक नवी फूट निवडा, आवडती किंवा नावडती. तिचा रंग पाहू नका. बोटांनी माती सारा.

जय हरी!