ज्या पुस्तकात उत्तरं नव्हती

विज्ञान स्वतः करून शिकावं, हा विचार तसा जुना. इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिरिरीने मांडला होता. पण त्यात प्रयोगशाळा गृहीत होती. ती नसलेल्या खेड्यातल्या शाळेचं काय? मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत हा प्रश्न हाती घेतला.

साहित्याची अडचण तुलनेने लवकर सुटली. १९७८मध्ये तिथे गेलेल्या अभियंता अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती उभी केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात त्यांची अशी साध्या वस्तूंची खेळणी असंख्य मुलांनी हाताळली. पण साहित्य आलं की गोडी लागतेच, असं नाही. भरलेली कपाटं असलेल्या शाळांतही प्रयोगवहीतलं 'निरीक्षण' गाइडमधून उतरवलं जातं. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर मुलाने बघायचं तरी कशासाठी?

होशंगाबादचं खरं धाडस इथे होतं. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते. तयार उत्तरं नव्हती. समजा, चार-चार जणांच्या टोळ्यांनी एकच बाक मोजला. एकीचं माप १२१ सेंटिमीटर, दुसरीचं १२३. बरोबर कोण? गुरुजींनी आकडा सांगितला की विषय तिथेच मिटतो. नाही सांगितला, तर मुलं पट्टीचं झिजलेलं टोक शोधतात, शून्य कुठे धरलं यावर भांडतात, पुन्हा मोजतात. त्या भांडणातच विज्ञान सुरू झालेलं असतं. अशा वेळी गप्प राहणं शिक्षकाला फार जड जातं. म्हणून प्रशिक्षण आणि शिक्षकांच्या मासिक बैठका हा या कामाचा कणाच होता. मुलांना पडलेले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्राने कळवायचीही सोय होती.

आणि परीक्षा! पुस्तक उघडं ठेवून लेखी, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. वर्गात शोधायला सांगून परीक्षेत पाठांतर मागितलं, तर कशाला किंमत आहे हे मुलं बरोबर ओळखतात.

१९७८मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२पासून 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला, २००२मध्ये राज्य सरकारने बंद केला. कल्पना मात्र उरली. आपल्या पाठ्यपुस्तकांतही आता 'करून पहा' आहे. पण बऱ्याचदा निष्कर्ष त्याच्या खालच्याच ओळीत छापलेला असतो, आणि प्रश्नपत्रिका तोच विचारते. आठवीच्या पेपरात तीन टोळ्यांची तीन मापं देऊन 'कोणतं विश्वासार्ह आणि का?' असा चार गुणांचा प्रश्न आला, तर वर्गातल्या त्या भांडणाला शिक्षक आपणहून तास देतील.