हंसावें कशाला?

कोल्हापुरानजीक जोतिबाच्या डोंगरावर देवानें रत्नासुराचा वध केला, अशी श्रद्धा आहे. २०२० सालीं ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही मालिका घरोघरीं पोंचविणारे महेश कोठारे यांनींच १९९३ सालीं ‘झपाटलेला’ चित्रपटांत तात्या विंचू हा बाहुल्याच्या रूपांतील खलपुरुष आणला होता. असुराला मुलें भितात. तात्याला भितातही नि हंसतातही. मग हंसण्यानें दुष्टपणाची चीड उणावते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बाहुल्याचा ठेंगणा देह हास्यास्पद खरा. परंतु लक्ष्याचें शरीर बळकावण्याची त्याची वासना भयंकरच आहे. हंसूं येतें तें त्याच्या तोकड्या सामर्थ्याला, हेतूला नव्हे. हा भेद राखला, तरच घरच्या मंडळींनीं एकत्र बसून निःशंक हंसावें. तो सुटला, कीं विनोद दुष्टपणाचाच वकील होतो.