वधानंतरचा खंडोबा

पारनेर तालुक्यातल्या पिंपळगाव रोठ्याला पौष पौर्णिमेला कोरठण खंडोबाची यात्रा भरते. भंडारा उधळला की माणसं, पालख्या, मानाच्या काठ्या, सगळं पिवळंधमक होतं. खरं तर हा देव तलवारीचा. ऋषींना छळणाऱ्या मणी आणि मल्ल या दैत्यांशी लढण्यासाठी शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं. ते युद्ध संपलं तो दिवस चंपाषष्ठीचा. अशा देवाच्या अंगावर लोक हळद उधळतात, याचं मला फार अप्रूप आहे.

या कथेत वधापेक्षा वधानंतरचा भाग मला मोठा वाटतो. मरता मरता मणी शरण आला. आपला घोडा त्याने देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली. देवाने ती दिली. म्हणून जेजुरीला मणीची मूर्ती आहे, आणि माणसं तिच्याही पाया पडतात. वैऱ्याला आवारात घेणाऱ्या या देवाच्या दारात धनगर, रामोशी, कोळी, मराठा, ब्राह्मण सगळे आले, यात मला नवल वाटत नाही.

जपानच्या शिंतो परंपरेत हाचिमान हा असाच योद्ध्यांचा देव. मिनामोतो घराण्याचं ते कुलदैवत. कामाकुराला त्याचं मोठं देवस्थान आहे. त्याचा दूत मात्र कबूतर. इ.स. 720 मध्ये क्यूशू बेटावरच्या हायातो लोकांनी उठाव केला आणि तो चिरडला गेला. त्यात मेलेल्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून हाचिमानच्या उसा इथल्या देवस्थानात जिवंत प्राणी सोडून देण्याचा विधी सुरू झाला, असं तिथली परंपरा सांगते.

दोन्हीकडे एक सल राहतोच. मणीला जागा मिळाली ती शरण आल्यावर, हायातोंची आठवण झाली ती ते मेल्यावर. तरीही विजयानंतर हरलेल्याचं काही देणं लागतो, एवढं या दोन्ही देवांच्या भक्तांनी मानलं. आज जिंकणाऱ्यांना तेवढंही सुचत नाही. निवडणूक असो की बांधाचं भांडण, हरलेल्याच्या दारात गुलाल टाकल्याशिवाय आपला विजय पुरा होत नाही.

चंपाषष्ठीला घरोघरी तळी उचलली जाते, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, मुलांना मणी-मल्लाची गोष्ट सांगितली जाते. ती वधावर थांबवू नका. मणीला मिळालेल्या वरापर्यंत सांगा.