हेत्वारोप आणि नैतिक निवाडा

राजकीय वादात प्रतिपक्ष काय म्हणतो यापेक्षा तो ते का म्हणतो, याचीच चिकित्सा आधी होते. डाव्यांच्या समतेच्या भाषेमागे उजव्यांना मत्सर दिसतो. उजव्यांच्या परंपरानिष्ठेमागे डाव्यांना हितसंबंध दिसतात. वेट्झ, यंग आणि गिंजेस यांनी २०१४ मध्ये अमेरिकी पक्षसमर्थकांच्या, तसेच इस्रायली व पॅलेस्टिनींच्या अभ्यासातून दाखविले की, माणसे स्वपक्षाच्या कृतीचे मूळ प्रेमात आणि परपक्षाच्या कृतीचे मूळ द्वेषात शोधतात. मराठीत या वृत्तीला 'हेत्वारोप' हा नेमका शब्द आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. आजचा जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. मात्र हा परिसर या विद्यापीठाच्याच क्षेत्रात होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामांतरवाद्यांनी विरोधाच्या मुळाशी जातिद्वेष पाहिला. विरोधकांनी मागणीमागे मतांचे राजकारण पाहिले. परंतु हैदराबाद मुक्तिसंग्रामातील डाव्या विचारांचे नेते गोविंदभाई श्रॉफ नामांतराच्या विरोधात होते, आणि शिवसेनाही विरोधातच होती. एकाच भूमिकेपर्यंत भिन्न प्रेरणा पोचू शकतात. भूमिकेवरून हेतू ओळखता येतो, हे हेत्वारोपाचे गृहीतक येथेच ढासळते.

मग हेतूचा विचार वर्ज्य मानावा काय? विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये कलाकृतीच्या मूल्यमापनातून लेखकाचा हेतू वगळला. कृतीच्या नैतिक निवाड्यात तसे करता येत नाही. अपघात आणि घात यांत भेद करणारा हेतूच असतो. शिवाय मार्क्स, नीत्शे व फ्रॉइड यांच्यात रिकरने जी संशयाची परंपरा पाहिली, तिने उघड शब्दांमागील अप्रकट प्रेरणा दाखवून दिल्या. दोष संशयात नाही, तो त्याच्या एकतर्फी वापरात आहे. जो संशय स्वतःकडे वळत नाही, ती चिकित्सा नसून आत्मसमर्थन होय.

येथे दुसरा भेदही आवश्यक ठरतो. प्रादेशिक अस्मितेविषयीचे एखाद्याचे प्रेम निखळ असू शकते. त्यामुळे जळालेल्या घरांविषयीची सामूहिक जबाबदारी नाहीशी होत नाही. उलट, जबाबदारी निश्चित करण्यासाठी प्रत्येक विरोधकाला द्वेष्टा ठरविण्याचीही गरज नाही. हेतू शुद्ध असूनही परिणाम अन्याय्य असू शकतो. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव आले. त्यात दोन्ही निष्ठांना स्थान मिळाले. परंतु मधल्या साडेपंधरा वर्षांची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी मोजली नव्हती.

अंबड तालुक्यात २०२३ मध्ये अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी आणि २०२४ मध्ये वडीगोद्री येथे ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषणे झाली. हा वाद डाव्या-उजव्यांचा नव्हता, तरी प्रश्न तोच निघाला: यांचा बोलविता धनी कोण? त्या प्रश्नाने शेतीची अवस्था, मागासलेपणाचे निकष आणि वाट्याची भीती हे तपासण्याजोगे विषय मागे पडतात. न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठीचा वाद, विजयासाठीचा जल्प आणि केवळ खंडनासाठीची वितंडा यांत फरक केला आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे, ही वादाची पहिली अट मानावी लागेल. ती पाळल्याने मतभेद मिटणार नाहीत. पण मतभेद नेमका कशाविषयी आहे, हे तरी कळेल.