शिडाखालचे बालपण

घरदार विकून, मुलाबाळांसह शिडाच्या नौकेत बसून दक्षिण समुद्रातील बेटांकडे निघून जाणारी माणसे जगात आहेत. हे ऐकले की आपल्यातल्या कारकुनाच्या मनातही क्षणभर वारा भरतो. निळे पाणी, नारळीची रांग, घड्याळ नाही, साहेब नाही! पण लगेच आपल्यातला बाप जागा होतो आणि विचारतो, “आणि मुले? त्यांना कोणी विचारले?”

आधी या संसाराचे खरे रूप पाहावे. चाळीस फुटांची नौका म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांहूनही लहान घर, आणि तेही सदा हलणारे. गालापागोस बेटांपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३००० सागरी मैल जमीन लागत नाही. वारे नीट लाभले तरी तीन-चार आठवडे जातात. गोडे पाणी मोजून वापरायचे. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, अंघोळही बहुधा त्याच पाण्याने, आणि पाऊस आला की ताडपत्री ताणून सगळ्यांनी बादल्या-पातेली घेऊन धावायचे. रात्री आळीपाळीने जागायचे. सकाळी डेकवर येऊन पडलेले उडते मासे गोळा करायचे, आणि मग पुस्तके उघडायची. धडे टपालाने मागवलेले, शिकवणारी घरचीच आई. शाळा सुटली म्हणून आनंदलेल्या मुलाला चार दिवसांत कळते, की ही शाळा चुकवून पळायला जागाच नाही.

खरी परीक्षा तुआमोतूच्या कंकणाकृती प्रवाळबेटांत शिरताना. खडकांच्या कड्यात एखादीच अरुंद वाट. तिच्यातून भरती-ओहोटीचे पाणी ओढ्यासारखे धावते. ते थबकते ती वेळ साधावी लागते. सूर्य माथ्याकडे आणि पाठीशी हवा, तरच पाण्याखालचे दिसते. गडद निळे ते खोल, फिकट हिरवे ते उथळ, तपकिरी दिसले की प्रवाळ. अशा वेळी डोलकाठीवर चढायला हलके अंग आणि तीक्ष्ण नजर हवी. दहा-बारा वर्षांचे पोर वरून ओरडते, “डावीकडे!” आणि बाप मुकाट्याने सुकाणू वळवतो. या साऱ्या जीवनात मला हे दृश्य फार मोलाचे वाटते. आपणही मुलांना कामे सांगतो. पण ती झाली नाहीत तरी घराचे काही अडत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. येथे पोराचा शब्द चुकला तर घर फुटते.

म्हणून मुलांचे सरसकट नुकसान होते असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. किंमत मात्र आहे. शेजारच्या नौकेवरचा मित्र नांगर उचलला की गेला. दक्षिण पॅसिफिकात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. ते जवळ आले की बेटांवर जमलेल्या नौका पांगतात, आणि तीन महिन्यांची मैत्री आवरून ठेवावी लागते.

कोणी म्हणेल, आपण तरी मुलांना कोठे विचारतो? बापाची बदली होते, पोरांची शाळा तुटते, बिऱ्हाड हलते. खरे आहे. पण सोलापूरहून नागपूरला नेलेले पोर फारच हिरमुसले तर मामाकडे ठेवता येते. भर समुद्रात मामाचे घर नाही.

डूगल रॉबर्टसन या इंग्लंडमधील शेतकऱ्याने शेत विकून ‘ल्यूसेट’ नावाची जुनी नौका घेतली आणि जानेवारी १९७१ मध्ये पत्नी-मुलांसह तो निघाला. मोठी मुलगी बहामा बेटांत उतरली. तिला ती मुभा होती. जुळे धाकटे पुढे गेले. १५ जून १९७२ रोजी गालापागोसच्या पश्चिमेस शिकारी देवमाशांच्या धडकांनी नौका फुटली व काही क्षणांत बुडाली. पनामात सोबत घेतलेल्या एका तरुणासह सहा जण आधी रबरी तराफ्यावर, तो निकामी झाल्यावर एका चिमुकल्या होडीत राहिले. पावसाचे पाणी आणि कासवांचे मांस यांवर त्यांनी ३८ दिवस काढले. मग एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. बाप पूर्वी व्यापारी जहाजावरचा अधिकारी होता, आई परिचारिका होती. तिचे आणि त्याचे ज्ञान नसते तर कोणी वाचले नसते. तरीही जुळ्यांच्या जागी बसून पाहिले की मन घट्ट होत नाही. आईबापांनी स्वतःचा जीव पणाला लावावा; परंतु जो उतरून जाऊ शकत नाही त्याचाही लावावा काय? मला वाटते, नाही. निदान प्रत्येक बंदरात मुलाला पुन्हा विचारावे, आणि ‘नको’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारावे.

पण विचारले तरी उत्तर कोणाचे? लॉरा डेकर १९९५ साली न्यूझीलंडमधील फांगारेई येथे जन्मली, तेव्हा तिचे आईबाप नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. तिचे पहिले बालपण समुद्रावरच गेले. तेराव्या वर्षी तिने एकटीने जगाला फेरी घालण्याचा हट्ट धरला, तेव्हा हॉलंडच्या न्यायालयाने २००९ मध्ये तिला बालसंरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले. २०१० मध्ये ती देखरेख उठली, आणि जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने फेरी पूर्ण केली. येथे तर मुलगीच ‘जाते’ म्हणत होती आणि जग ‘थांब’ म्हणत होते. ते ‘जाते’ तिचे स्वतःचे, की पाळण्यात असतानाच लाटांनी तिच्या तोंडी घातलेले? न्यायाधीशांना ते कसे कळावे! फेरी संपल्यावर तिने हॉलंडची वाट धरली नाही. त्याच नौकेतून ती न्यूझीलंडला, फांगारेईला गेली.