जाब आणि शाबासकी

कामाचा जाब विचारणे आणि कामाचे कौतुक करणे या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असा समज आपल्या कार्यालयांत खोलवर रुजलेला आहे. कौतुक केले की धाक उरत नाही, आणि धाक ठेवायचा तर कौतुक आवरले पाहिजे, असे मानले जाते. शासकीय सेवेत दीर्घकाळ काढल्यानंतर आम्हांस हा समज तपासून पाहावासा वाटतो. आणि त्यासाठी आरोग्यसेवेसारखे क्षेत्र नाही. कागदावरची चूक बहुधा दुरुस्त करता येते. प्रसूतिगृहात हुकलेला क्षण परत येत नाही. तेथे जाब विचारावाच लागतो. पण सुखरूप पार पडलेल्या शंभर बाळंतपणांबद्दल परिचारिकेला कोणी काही विचारीत नाही आणि एक बाई दगावली की चौकशी बसते, हेही तितकेच खरे.

नुसत्या जाबाने काय होते, याचे उदाहरण इतिहासात आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टराने प्रसूतिकक्षात येणाऱ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास भाग पाडले. त्या कक्षातील बाळंतिणींचे मृत्यूचे प्रमाण एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के होते, ते काही महिन्यांतच दोन टक्क्यांच्या आसपास आले. एवढा सज्जड पुरावा असूनही त्यांचे म्हणणे बहुतेकांनी स्वीकारले नाही. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता, हे त्याचे मोठे कारण. पण पुढे आपल्या खुल्या पत्रांतून त्यांनी न ऐकणाऱ्या डॉक्टरांना खुनी ठरविले. खुनी म्हणवून घेतल्यावर हात धुणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखेच झाले! १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. माणूस खरे बोलत होता. परंतु ऐकणाऱ्याला सुधारण्याची वाट त्याने मोकळी ठेवली नाही.

नुसते कौतुकही तितकेच पोकळ असते. २२ मार्च २०२० रोजी आपण सर्वांनी आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, त्याच सेवकांवर होणारे हल्ले थांबावेत म्हणून केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्तींचा गौरव केला. त्याचा आनंद आम्हांसही झाला. पण त्याच आशांना मानधनासाठी त्याआधीही रस्त्यावर उतरावे लागले आणि त्यानंतरही. ज्या शाबासकीने देणाऱ्यावर कसलेच उत्तरदायित्व येत नाही, ती स्वस्त असते.

मग मार्ग कोणता? आपल्या देशात २०१० साली माता मृत्यू अन्वेषणाची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यामागचे सूत्र असे, की नाव घेऊन दोष देऊ नये, कारण शोधावे. अशा मृत्यूंत तीन विलंब तपासले जातात: दवाखान्यात नेण्याचा निर्णय घेण्यातला, तेथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. या तीन प्रश्नांनी जाबाची दिशाच पालटते. घरातल्यांनी वेळ का लावला, वाहन का आले नाही, रक्त का उपलब्ध नव्हते, डॉक्टरांची जागा किती दिवस रिकामी होती? यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे परिचारिकेकडे नसतात. ती वरच्या टेबलावर असतात. कारणे दाखवा नोटीस मात्र नेहमी खाली वाहते. देशातील माता-मृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे २५४ होते. २०१८-२० मध्ये ते ९७ झाले. याचे श्रेय एकट्या अन्वेषणाला देणे योग्य नव्हे. पण भेदरलेल्या माणसांकडून खरी नोंद मिळत नाही, आणि खऱ्या नोंदीवाचून सुधारणा होत नाही, एवढे निश्चित.

कोणी म्हणेल, अशाने कामचुकारांचे फावेल. शंका रास्त आहे. थकव्याने झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली हयगय यांत भेद केलाच पाहिजे. कामावर न येता सही करणारा, रुग्णाकडून पैसे उकळणारा, नोंदवहीत खाडाखोड करणारा यांना क्षमा नाही. त्यांना अभय देणे हा त्यांच्याशेजारी इमानाने राबणाऱ्यांचा अपमान होय. तेथे शिक्षा हीच इतरांची कदर ठरते.

आमच्या मते जाब आणि शाबासकी ही तराजूची दोन पारडी नव्हेत. दोहोंचे मूळ एकच: दुसऱ्याचे काम जवळून, बारकाईने पाहणे. जो पाहतो, त्याला कोठे विचारावे आणि कोठे पाठ थोपटावी हे निराळे शिकवावे लागत नाही. जो पाहत नाही, त्याचा राग अन्याय ठरतो आणि त्याची स्तुती उपचार. म्हणून प्रमुखाने खालच्याला पहिला प्रश्न 'हे का झाले?' असा विचारण्यापूर्वी 'तुम्हांला काय कमी पडले?' असा विचारावा. त्या प्रश्नात जाबही आहे, मानही आहे. आणि त्याच्या उत्तराला विचारणाराही बांधला जातो.