सर्वांना ठाऊक असलेला खून

रहस्यकथा वाचतो असे उघडपणे सांगण्याचा संकोच आपल्यातील पुष्कळांना अजूनही वाटतो. माझ्या बालपणी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके संडेस्कूलच्या वहीखाली दडवून वाचली जात, आणि सापडल्यास वहीसकट जप्त होत. तरीही खुनाची गोष्ट हा मुळात नीतीचाच विषय आहे, असे मला या वयात वाटू लागले आहे. उत्पत्तीच्या चौथ्याच अध्यायात पहिला खून घडतो आणि तपासाला स्वतः परमेश्वर येतो. तो काइनाला हत्याराविषयी विचारीत नाही. तुझा भाऊ कोठे आहे, एवढेच विचारतो. काइनाने दिलेले उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. भावाची राखण हे आपले काम नव्हे, असेच त्याने सुचविले. ज्याने हात उगारला नाही, पण ज्याला ठाऊक होते, त्याच्या वाट्याला किती दोष येतो, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

इंग्रजी रहस्यकथेने या प्रश्नाला बहुधा बगल दिली. लहानसे खेडे, एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे, एक प्रेत आणि शेवटच्या प्रकरणात एक गुन्हेगार. तो पकडला गेला की बाकीचे गाव निर्दोष ठरून चहा घ्यायला मोकळे! अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ (1930) ही मिस मार्पलची पहिली कादंबरी याच साच्याची आहे. परंतु तिच्या आरंभी एक गमतीचा प्रसंग आहे, आणि तो मला नेहमी खटकतो. कथा सांगणारा स्वतः पाळक आहे. जेवणाच्या टेबलावर मांस कापताना तो म्हणून जातो की, कर्नल प्रोथेरोला कोणी ठार मारले तर जगावर उपकारच होतील. पुढे हा कर्नल पाळकाच्याच अभ्यासिकेत मरून पडलेला आढळतो. डोंगरावरील प्रवचनात आपल्या प्रभूने खुनाची आज्ञा ओठांपर्यंत, मनातील रागापर्यंत नेऊन भिडविली आहे. तिच्यापुढे या पाळकाचे काय? लेखिकेने हे हसण्यावारी नेले. चेस्टरटनने मात्र नेले नाही. ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन’ (1927) या संग्रहात त्याचा साधाभोळा धर्मगुरू आपल्या यशाचे रहस्य सांगतो. प्रत्येक खून आपण आधी स्वतःच्या अंतःकरणात केला, खुनी आपल्याच आत बसलेला पाहिला, आणि म्हणून तो बाहेर ओळखता आला, असे त्याचे म्हणणे आहे.

पण ज्या पुस्तकाने मला कित्येक रात्री झोपू दिले नाही ते वेगळेच आहे. कोलंबियाचे गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी 1981 साली एक छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ या नावाने उपलब्ध आहे. तिच्या मुळाशी 1951 साली कोलंबियातील सुक्रे या गावी प्रत्यक्ष घडलेला खून आहे. येथे रहस्य म्हणावे असे काही नाही. मरणारा कोण, हे पहिल्याच वाक्यात कळते. मारणारे कोण, हेही लवकरच कळते. तरीही वाचक शेवटपर्यंत श्वास रोखून बसतो.

आंखेला विकारियो हिचे लग्न होते, आणि त्याच रात्री ती कुमारिका नाही म्हणून नवरा तिला माहेरी आणून सोडतो. तिला मारझोड होते आणि नाव विचारले जाते. ती सान्तियागो नासार या एकवीस वर्षांच्या तरुणाचे नाव घेते. ते खरे होते की खोटे, हे पुस्तक संपले तरी कळत नाही. तिचे जुळे भाऊ पेद्रो आणि पाब्लो डुकरे कापण्याच्या सुऱ्या घेऊन निघतात. पुढे जे घडते त्यापाशी आपण थोडे थांबू या. हे भाऊ लपूनछपून काही करीत नाहीत. बाजारात सुऱ्यांना धार लावताना, दुधाच्या दुकानात बसून, भेटेल त्याला ते सांगतात की आम्ही सान्तियागोला ठार मारणार आहोत. कोणीतरी आपल्याला अडवावे यासाठी माणूस जेवढे करू शकेल तेवढे ते करतात. आणि कोणीच अडवीत नाही.

मात्र गावातील माणसे दुष्ट नव्हेत. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटते, हे दारूचे बोलणे आहे. काहींना वाटते, एव्हाना त्याला कोणी सांगितलेच असेल. नगराध्यक्ष येतो, सुऱ्या काढून घेतो आणि कर्तव्य झाले अशा समाधानाने निघून जातो. भाऊ घरी जाऊन दुसऱ्या सुऱ्या आणतात. सान्तियागोच्या घरची स्वयंपाकीण तर वयात आलेल्या आपल्या मुलीवर मालकाची नजर आहे म्हणून गप्प राहते. (हा राग अगदी रास्त होता, हे विसरता कामा नये. रास्त रागही माणसाला गप्प बसवितो.) त्याच दिवशी पहाटे बिशपसाहेब बोटीने येणार असतात. सारे गाव त्यांच्या सूपासाठी कोंबडे घेऊन धक्क्यावर उभे. बिशप बोटीतूनच आशीर्वाद देतात आणि न उतरता पुढे जातात. गावचे धर्मगुरू फादर आमादोर यांना निरोप मिळालेला असतो. प्रथम त्यांना वाटते, हे काम आपले नव्हे, नगराच्या अधिकाऱ्यांचे आहे. मग ते ठरवितात की जाता जाता मुलाच्या आईच्या कानावर घालू. चौक ओलांडताना बिशपांच्या गडबडीत ते विसरून जातात. आणि डॉक्टर गावात नसल्यामुळे त्या प्रेताची चिरफाड शेवटी त्यांच्याच हातून करवून घेतली जाते.

आपल्या पाळकवर्गापैकी कोणी हे वाचत असल्यास माझा रोख त्यांच्याकडे नाही. बिशप येणार म्हणून आपणही मंडप आणि फुले यांत किती गुंतून पडतो, हे आपणा सर्वांनाच ठाऊक आहे.

एकच व्यक्ती खरोखर धडपडते, ती दुधाचे दुकान चालविणारी क्लोतिल्दे आर्मेन्ता. निदान बिशपांचा मान राखून आज नको, असे ती त्या दोघांना विनविते. नगराध्यक्षाला ती या पोरांना अटकाव करायला सांगते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर केवळ मरणारा नाही. गावाने या दोघांच्या खांद्यांवर अब्रूचे जे भयंकर ओझे ठेवले आहे त्यातून त्यांना सोडवावे, असे तिला वाटते. या बाईएवढे मला या पुस्तकात कोणीच शहाणे वाटत नाही. मारणाऱ्याचाही जीव वाचवायचा असतो, हे तिच्यावाचून कोणाच्या ध्यानात आले? शेवटी मुलगा स्वतःच्या घराकडे धावत येतो. आईला वाटते तो आत माडीवर आहे. सुऱ्या घेऊन येणाऱ्यांना पाहून ती त्याच्याच रक्षणासाठी दाराला अडसर घालते.

हे सारे कादंबरीतले, असे कोणी म्हणेल. परंतु न्यूयॉर्क येथे 1964 साली किटी जेनोव्हीज हिचा खून झाला तेव्हा 38 शेजाऱ्यांनी तो स्वस्थपणे पाहिल्याचे वृत्त छापून आले होते. ते पुष्कळ अतिरंजित होते, हे त्याच वृत्तपत्राने 2016 साली मान्य केले. प्रत्यक्षात एक शेजारीण धावत खाली गेली होती आणि तिने मरणाऱ्या मुलीला कवेत घेतले होते. मात्र त्या वृत्तामुळे डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग 1968 साली प्रसिद्ध झाला. आजारी माणसाची धडपड आपण एकट्यानेच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी शेकडा 85 जणांनी ती संपण्यापूर्वीच मदत मागविली. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांत हे प्रमाण शेकडा 31 वर आले. त्यांची अंतःकरणे कठोर नव्हती. त्यांचे हात कापत होते, असेही प्रयोगकर्त्यांनी नोंदविले.

म्हणजे ज्या वस्तीत सर्वांना सर्व कळते, तिच्यात एकेकाचे कळणे हलके होते. आपण घट्ट विणलेल्या समाजाचे कौतुक करतो आणि ते योग्यही आहे. पण त्याच विणीत एक जागा अशी असते की जेथे बातमी सर्वत्र फिरते आणि ज्याच्याविषयी आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. लेवीय 19:16 मध्ये लावालावी करीत फिरण्याची मनाई आणि शेजाऱ्याच्या रक्ताविषयीची आज्ञा एकाच वचनात आहेत. त्या उत्तरार्धाचा अर्थ यहूदी शास्त्रींनी असा लावला की, शेजाऱ्याचा जीव धोक्यात असता नुसते उभे राहू नये. बोलणे पुष्कळ आणि सांगणे मुळीच नाही, अशी गावे त्या वचनाला परिचित असली पाहिजेत.

अनुवादाच्या 21 व्या अध्यायात याहून विलक्षण विधी आहे. रानात प्रेत सापडले आणि मारणारा कळला नाही, तर प्रेतापासून भोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे नगर सर्वांत जवळचे, त्याच्या वडिलांनी, जिला कधी जुंपलेले नाही अशी कालवड वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात न्यायची, तेथे तिची मान मोडायची आणि तिच्यावर हात धुऊन साक्ष द्यायची. कोणत्याही नगरावर आरोप नाही, तरी मोजणी करायची! जवळ असणे हेच उत्तर देण्यास पुरेसे मानले आहे. आणि ती साक्ष दुहेरी आहे: आमच्या हातांनी हे केले नाही, आणि आमच्या डोळ्यांनी पाहिले नाही. पिलातानेही हात धुतले, पण डोळ्यांविषयी तो काही बोलला नाही. मार्केझच्या गावाला साक्षीचा पहिला भाग देता आला असता. दुसरा नव्हे.

मी ज्या मिशन कंपाउंडात वाढलो तेथे मागच्या रांगेत एक गृहस्थ पत्नीला मारीत असत. भिंती पातळ होत्या. आवाज आला की पहिल्या घरी रेडिओ मोठा होई, दुसऱ्या घरी संध्याकाळची प्रार्थना लवकर सुरू होई. त्यांच्या घरातली बाब, असे सर्व म्हणत. एका संध्याकाळी माझी आई वाटी घेऊन उठली आणि त्यांच्या दारावर जाऊन साखर मागू लागली. आवाज थांबला. आमच्या घरात साखर होती. त्याच सकाळी मी ती रेशनच्या दुकानातून आणली होती. त्यानंतर आई अनेकदा वाटी घेऊन गेली, आणि कधी कधी भरलेली वाटी घेऊन परत आली.

पुढे आई बाळंतपणासाठी दोन महिने आजोळी गेली. त्या काळात साखर मागायला कोणी गेले नाही. त्या बाईंना एका रात्री दवाखान्यात न्यावे लागले. ओसरीवरून पडल्या, असे सांगण्यात आले. रविवारी उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. ती रेडिओवाल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी केली, आणि आम्ही सर्वांनी आमेन म्हटले.